अस्वलाच्या तोंडाचं मेनूकार्ड

बॉबलिंगेन या जर्मन गावातल्या छापखान्यात मी फरशी पुसण्यापासून सुरुवात केली आणि सात वर्षांत डाय कटिंगचा, म्हणजे पुठ्ठा साच्याने कापायचा विभाग माझ्या हाताखाली आला. गावाला लागून अमेरिकन सैनिकांची छावणी होती. तिथल्या एका बाईने ऑटोबानवरच्या रेस्टॉरंटच्या मालकाला तिच्या देशातल्या हायवेवरचं मुलांचं मेनूकार्ड दाखवलं. पुठ्ठ्याचं अस्वलाचं तोंड, डोळ्यांच्या जागी भोकं, मागच्या बाजूला पदार्थ. जेवण येईपर्यंत मुलाने तो मुखवटा लावून बसायचं. मालकाला अगदी तसंच हवं होतं. ते काम मी घासाघीस करून आमच्याकडे आणलं. डायही मीच बसवली.

माझा मुलगा तेव्हा त्याच्या आईबरोबर पुण्यात, माझ्या सासऱ्यांकडे होता. तो वर्षाचा असताना मी निघालो होतो. दर वर्षी मी दोघांना बोलवायचो आणि दर वर्षी सासरे लिहायचे, 'त्याच्या शाळेचं नीट होऊ द्या.' तो आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी दोघांना सहा आठवड्यांसाठी पाठवलं. मुलाला करमलं तरच राहायचं, नाहीतर परत. माझ्याच मुलासाठी त्यांनी मला अट घालावी, याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्याच रविवारी मी दोघांना त्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. मुलाने मुखवटा लावला आणि भोकांतून माझ्याकडे बघत राहिला. मी एकेक पदार्थ वाचून दाखवला. तो आईच्या कानाशी कुजबुजला.

"काय म्हणतोय?"

"अहो, म्हणतोय, आई देईल ते."

"इथे मुलं स्वतः सांगतात."

"सांगेल हळूहळू. भेंडी आवडत नाही हे आजोबांना सांगायला त्याने वर्ष लावलं."

शेवटी त्याने पॅनकेकच्या चित्रावर बोट ठेवलं. मला बरं वाटलं.

पॅनकेक आला तेव्हा वेट्रेसने कार्ड मागितलं. ते पुढच्या मुलांना द्यायचं होतं. मुलगा मुखवटा काढायला लागला. मी त्याचा हात धरला.

"हे मी कापलंय," मी तिला म्हणालो.

"असेल, पण कार्ड इथलं आहे."

मी मालकाला बोलावलं. माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्यांचे काटे हातातच राहिले. मालकाने ऐकून घेतलं, 'घेऊन जा' म्हणाला आणि आत गेला. मी कार्ड मुलापुढे सरकवलं.

"घे, तुझं आहे."

"मला नको होतं," तो म्हणाला. त्याने पॅनकेकला हात लावला नाही.

मग सायकल आणून दिली, तलाव दाखवला. तो सगळीकडे आला. पाचव्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, तो विचारतोय, घरी कधी जायचं."

"आणि तू?"

"तो असेल तिथे मी."

कागदवाल्यांशी मी तासन्‌तास भांडत असे. त्या दिवशी भांडी पुसून जागेवर लावली.

विमानतळावर कोणी न सांगता तो वाकून माझ्या पाया पडला, घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यांच्या पडतात तसा. सासऱ्यांनी वळण चांगलं लावलं होतं.