होडीवरची जबाबदार व्यक्ती

आप्पा गेले त्या सकाळी मी एका परदेशी होडीची जबाबदार व्यक्ती होते. हे पद मला बंदरावरच्या एका अधिकाऱ्याने दिलं होतं, सही-शिक्क्यानिशी. मला पोहता येत नाही. छत्रपती संभाजीनगरात साठ वर्षं काढलेल्या माणसाला त्याची गरज पडत नाही. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते पिंपात मावतं. त्या होडीवर मी अकरा दिवस बसून होते. त्याला आता दोन महिने झाले. रोज थोडं थोडं लिहिते आहे, कारण एका बैठकीत लिहिलं तर नुसता राग कागदावर येतो.

होडी माझ्या मोठ्या भावाची. दादा चाळीस वर्षांपूर्वी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला, परदेशी गेला आणि तिकडचा नागरिक झाला. निवृत्त झाल्यावर त्याने शिडाची होडी घेतली आणि तिला आमच्या आईचं नाव दिलं. आईने आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला, तोही बसच्या खिडकीतून, आणि तिला मळमळलं होतं. दादाला हे माहीत आहे. तरी नाव दिलं.

पूर्वी तो दर वर्षी विमानाने आप्पांना भेटायला यायचा. होडी आल्यावर पाच वर्षं आला नाही. एका देशात होडी दीड वर्ष राहू शकते, पण मालकाला तीन महिन्यांत बाहेर पडावं लागतं. दुसऱ्या देशात मालक हवा तितका राहिला तरी चालतं, होडी चालत नाही. तिसऱ्यात दर बंदराला नव्याने कागद करायचे, जणू दर गावाला देश बदलतो. फोनवर तो हे सगळं घर जळालेल्या माणसाच्या सुरात सांगायचा. मी ऐकून घ्यायचे. त्याच पाण्यात माणसं कागद नाहीत म्हणून बुडतात, आणि ही मंडळी बंदरात नांगर टाकून, कॉफी पीत, फॉर्म दहा पानांचा आहे म्हणून हळहळतात. हे मी त्याला कधी बोलले नाही. आमच्या घरात मोठ्या भावाला बोलायची पद्धत नव्हती, आणि मी सोयीस्करपणे पद्धत पाळली.

आप्पा वैजापूरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आम्हा दोघांना त्यांनी अर्ज भरायला शिकवलं, ते आम्हाला धड बेरीज येत नव्हती तेव्हा. रकाना रिकामा ठेवायचा नाही. विचारलं असेल ते पूर्ण सांगायचं. सांगण्यासारखं नसेल तर 'निरंक' लिहायचं, रेघ मारायची नाही, कारण रेघेवर कुणीही नंतर काही लिहू शकतं. आम्ही हे असं शिकलो की पुढे मला ग्रंथालयातल्या नोकरीत लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म पाहून त्या माणसांविषयीच वाईट मत व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात आप्पांनी अंथरूण धरलं. आठ वर्षं त्यांचं सगळं मीच करत होते. शेवटची दोन वर्षं मदतीला सिल्लोडकडच्या एक बाई यायच्या. डॉक्टर म्हणाले, आता दिवसांची गोष्ट आहे, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. दादा तेव्हा समुद्रातच होता, आपल्या किनाऱ्याकडे येत. त्याचा सॅटेलाइट फोन आला.

"चार दिवसांत लागतो किनाऱ्याला. आप्पांना सांग."

मी सांगितलं. त्यानंतर आप्पांनी दुसरं काही मागितलं नाही. रोज सकाळी डोळे उघडले की विचारायचे, "लागला का?"

लागला. पाचव्या दिवशी, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या बंदरात वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. तिथे त्याला फॉर्म दिला. होडीवरची संपर्काची साधनं, असा एक रकाना होता. दादाने लिहिलं: सॅटेलाइट फोन, एक नग, पुढे कंपनी आणि क्रमांक. आपल्याकडे तो फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही. अधिकाऱ्याने म्हणे तो फॉर्म दोनदा वाचला. मग फोन सीलबंद झाला, दिल्लीहून परवानगी येईपर्यंत होडी अडकवून ठेवली, आणि अडकलेल्या होडीला दुसरा नियम लागू झाला. मालक कुठेही जायला मोकळा, पण होडीवर एक जबाबदार व्यक्ती हवी, जिचं नाव खलाशांच्या यादीत आहे. यादीत एकच नाव होतं, त्याचं. नवं नाव घालायचं तर तो माणूस परवान्याचा खलाशी हवा, नाहीतर मालकाचा जवळचा नातेवाईक.

होडीचे कागद पाहणाऱ्या एजंटाला मी इथून फोन लावला.

"मॅडम, तुमच्या भावानं लिहिलं कशाला? ड्रॉवरमध्ये टाकायचा असतो तो."

"फॉर्ममध्ये विचारलं होतं."

"फॉर्ममध्ये काय, काहीपण विचारतात. शिकलेली माणसं तुम्ही."

त्याच दिवशी दुपारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला, "तू येतेस का इथे? नातेवाईक चालतो."

"मग आप्पांजवळ कोण?"

"मी जातो ना."

मी आत्याला विचारलं. आत्या आप्पांची धाकटी बहीण, आमच्याच कॉलनीत राहते, आणि घरातले निर्णय तिला विचारायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा की. लेकाची वाट बघायलेत ते. तू काय, रोजचीच."

सिल्लोडच्या बाई म्हणाल्या, "जाव ताई तुम्ही. मी हाय इथं. बाबांचा हात नाय सोडणार."

मी आप्पांना सांगितलं, दादाला पाठवायला जाते आहे. त्यांना ते कळलं. म्हणाले, "कागद नीट बघून सही कर." ते माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

सकाळच्या बसने निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. अधिकारी तरुण होता आणि त्याला जेवायला जायचं होतं. माझ्यासमोरही फॉर्म आला. समुद्रावरचा अनुभव, वर्षांत. मी 'निरंक' लिहिलं.

"असं नका लिहू, मॅडम. एक-दोन वर्षं टाका."

"पण नाही अनुभव."

"वर कुणी वाचत नाही. रिकामं वाटायला नको म्हणून सांगतो."

मी खोडलं नाही. त्याने खांदे उडवले आणि शिक्का मारला. ज्या बाईला होडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हेही विचारावं लागलं, तिच्या ताब्यात होडी गेली, आणि नियमाचं समाधान झालं. त्या शिक्क्याइतकं मूर्ख काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि मी विद्यापीठाच्या कमिट्यांवर होते.

दादाला मी पाच वर्षांनी पाहत होते. रापला होता, वाळला होता. त्याने मला वीस मिनिटांत होडी समजावली. पाणी उपसायचा पंप, गॅसचा कॉक, धक्क्याला बांधलेले दोर, भरतीला ते किती ताणतात, ओहोटीला कसे सैल पडतात. पंपाचं दोनदा सांगितलं. बॅग खांद्याला लावल्यावर विचारलं, "ओळखतील ना मला?"

"ओळखतील," मी म्हणाले. तो गेला.

माझं काम एवढंच होतं: होडीवर राहायचं आणि रोज सकाळी गेटवरच्या वॉचमनच्या रजिस्टरात सही करायची. शेजारी आणखी एक परदेशी होडी बांधलेली होती, एका वयस्क जोडप्याची. पहिल्याच संध्याकाळी ते बिस्किटं घेऊन आले आणि तासभर भारतातल्या नियमांची तक्रार करत बसले. हे असलं कुठेच नसतं म्हणाले, मग जिथे जिथे असतं त्या सात-आठ देशांची नावं सांगितली. त्यांचा फोन कुठे आहे, मी विचारलं. बाई हसल्या. पिठाच्या डब्यात. नवरा म्हणाला, "तुमचा भाऊ फार प्रामाणिक आहे," आणि हे त्याने एखाद्याला फिट्स येतात असं सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा घरी पोहोचल्याचा फोन आला. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी सही करून परत येत असताना, सिल्लोडच्या बाईंचा.

"ताई, बाबा गेले. आत्ताच. शांतपणे गेले."

"दादाला ओळखलं?"

"व्हय. भैयाचा हात धरला. मग दरवाज्याकडे बघायले. भैया बसलेत पुढ्यात, तरी दरवाज्याकडेच."

अर्ध्या तासाने दादा बोलला. रडत होता. त्याने आप्पांनी हात धरल्याचं सांगितलं, दरवाज्याचं सांगितलं नाही. मग म्हणाला, "तू निघू नकोस. परवानगी अजून आलेली नाही. मला तेराव्यापर्यंत उठता येणार नाही. होडी मोकळी सोडली तर जप्त करतील."

मी "बरं" म्हणाले. या सगळ्या प्रकरणात मला अधिकाऱ्याची कीव येते, एजंटाचा कंटाळा येतो, दादाचा राग येतो. पण तुच्छता वाटते ती त्या "बरं"ची. वडील गेलेले असताना मी एका होडीला राखण म्हणून बसायला हो म्हणाले, कारण यादीत माझं नाव होतं.

मी आठ दिवस सुतक होडीवर पाळलं. एकवेळ भात करून खायचे. बाकी वेळ दादाच्या फळीवरची पुस्तकं. एकही कादंबरी नव्हती. कुठल्या देशात होडी किती दिवस ठेवता येते, कुठे कुत्रा नेता येतो, कुठे कोणत्या अधिकाऱ्याला सिगारेटची पाकिटं लागतात. जाडजूड ग्रंथ, ओळींखाली दादाच्या पेन्सिलीच्या सुबक रेघा. जगातल्या प्रत्येक किनाऱ्याची ओळख या लोकांना तिथल्या काउंटरपुरती आहे. एका पुस्तकात आपल्या देशाला दीड पान होतं. त्यात म्हटलं होतं, संयम बाळगा आणि कागद पूर्ण भरा. दादाने त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

अकराव्या सकाळी मी सही करायला गेले तेव्हा वॉचमन चहा ओतत होता. सावंतवाडीकडचा माणूस, माझ्याहून थोडा लहान. रोज फक्त रजिस्टर पुढे करायचा. त्या दिवशी त्याने मलाही अर्धा कप दिला.

"ताई, तब्येत बरी नाही का? रोज बघतो मी."

"माझे वडील गेले. आठ दिवस झाले."

"इथेच?"

"नाही. गावी."

त्याने किटली खाली ठेवली. "मग तुम्ही इथे काय करता?"

"रोज सही लागते ना."

"मग करून ठेवा की पुढच्या." त्याने रजिस्टरचं पान उलटलं. "सगळे करतात. ते शेजारचे गोरे मागच्या महिन्यात आठ दिवस ताजमहाल बघून आले. मीच आंघोळीला जाताना माझ्या पुढच्या चार तासांच्या सह्या करून जातो."

"आणि कुणी बघायला आलं तर?"

"कोण येणार? मी इथे नऊ वर्षं आहे."

मी कप खाली ठेवला. मग हळूहळू सगळं उलटं दिसायला लागलं. दादा पहिल्याच दिवशी या गेटातून बाहेर पडू शकला असता. मला यावंच लागलं नसतं. फोन आला त्या सकाळी मीही निघू शकले असते. मातीला पोहोचले नसते तरी निदान तिसऱ्याला पोहोचले असते. त्या संपूर्ण बंदरात तो नियम फक्त दोन माणसांनी पाळला होता, आणि ती दोघं एकाच अव्वल कारकुनाची मुलं होती. आम्हाला कुणी अडवलेलं नव्हतं. अडवलं आहे असं लिहिलेलं होतं, आणि आम्हाला वाचता येत होतं.

मी पुढच्या चार दिवसांच्या सह्या केल्या. आमच्या घराण्यातली ती पहिली खोटी सही असावी. वॉचमनने शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. "गॅस बंद केलाय ना?" विचारलं. मी परत जाऊन पाहिला, बंद होता. पिशवी उचलली आणि रिक्षा केली. गेटवर त्याने हात वर केला, बाजारात जाणाऱ्या बाईला करावा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. दहाव्याचं आटोपून मंडळी परतली होती. ओसरीत चपला. आत्या दोन बायकांना सांगत होती, "शेवटच्या वेळी लेक पोचला बघा. किती समुद्र ओलांडून आला. नशीबवान माणूस." मला पाहून म्हणाली, "आलीस व्हय," आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

दादा दारात आला. डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं. क्षणभर तो मला बघत राहिला, आणि मला वाटलं आता हा मला जवळ घेईल.

"होडीवर कोण आहे?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण अकरा दिवस ते माझ्याही चेहऱ्यावर असणार: खरोखरची भीती, कुणीही न वाचणाऱ्या कागदाची. मी त्याच्या बाजूने आत गेले. सिल्लोडच्या बाई आप्पांच्या खोलीत चादरी घडी करत होत्या. त्यांनी मला बसायला जागा केली. मी अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनीच बसले आणि त्यांच्याबरोबर घड्या घालायला लागले.

दादा चौदाव्या दिवशी निघाला. होडी होती तिथे होती. पुढच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला की परवानगी मिळाली, फोन परत दिला, आणि मी न सांगता निघून गेल्याबद्दल कुणी काही बोललं नाही. शेवटी लिहिलं होतं, तू नशीबवान आहेस.