पाणी मारणारा हात

मार्गशीर्षातली थंडी पांझरेच्या पात्रातून वर चढून पारोळा रस्त्यावरच्या, कपासातली सरकी काढायच्या जिनात शिरली होती. दव म्हणाल तर नावाला नव्हतं. धुळ्याची हवा त्या दिवसांत अशी कोरडी, की सकाळी बोलायला तोंड उघडलं तर ओठ फाटायचा. भोंगा व्हायला अवकाश होता. झुलाल मिस्त्री बॉयलरच्या तोंडाशी उकिडवा बसून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून आत सारत होता आणि गोठलेल्या ग्रीसचा डबा तिथंच शेकत ठेवून मधूनमधून बोट घालून बघत होता. ग्रीस सैल झाल्यावर तो उठला आणि रुई-सरकी वेगळी करणाऱ्या एकेका चरख्याजवळ जाऊन रुळाचं चामडं आणि पातं यांच्यामधल्या फटीवरून नख फिरवायला लागला. हे काम तो डोळे मिटून करी.

कपास टाकणाऱ्या बाया डोक्यावरून पदर घट्ट ओढून आल्या. त्यांत त्याची बायको भिकुबाईही होती. नवरा मिस्त्री आणि बायको चरख्यावर, हे जिनात नवं नव्हतं.

"मिस्तरी, आज शेट येवाव शे," कमलबाई म्हणाली. "दाढी तरी करीसन येता. आगबोटवर असा बठशात का?"

"दाढी देखीसन नही, हात देखीसन लई जास शेट," झुलाल म्हणाला.

"आनि भिकुबाई? तुना दादला चालना परत. तुले काहीच नही का?"

"जाऊ दे," भिकुबाई पाटीतला कपास पिंजत म्हणाली. "आठे बठीसन तरी काय सोनं काढस."

बाया हसल्या. भिकुबाई हसली नाही. तो जावा म्हणून ती गेल्या महिन्यापासून एकवीरादेवीला जात होती, हे त्या बायांना माहीत नव्हतं.

बातमी सगळ्या जिनात पसरली होती. जिनाचे मालक प्रेमचंद शेटजी, त्यांचा मुलगा मदनलाल एका गुजराती भागीदाराबरोबर समुद्रापलीकडे, युगांडाच्या मुलखात, जिन टाकत होता. संक्रांतीनंतरच्या बोटीनं माणसं निघणार होती आणि त्यांत एक मिस्त्री हवा होता. तो मुलूख पाहिलेला, तिथली भाषा येणारा मिस्त्री अख्ख्या धुळ्यात एकच.

झुलाल पहिल्यांदा गेला तो मानमोडीनंतर. त्या साथीत त्याची दोन्ही मुलं एकाच आठवड्यात गेली. घरात बसवेना, शेतावर बघवेना. तेवढ्यात एका मुंबईच्या पेढीचा माणूस मिस्त्री शोधत आला आणि हा निघून गेला. मुंबईहून बोट, मोंबासाहून रेल्वे, मग समुद्रासारखंच दिसणारं पण गोड्या पाण्याचं एक तळं, त्यावरून पुन्हा बोट. पलीकडे लाल मातीचा, हिरवागार, रोज दुपारी गडगडणारा मुलूख. सरकारनं तिथल्या लोकांना कपास लावायला सांगून थोडीच वर्षं झाली होती. जो तो कपास लावत होता. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन कोसकोस चालत जिनापर्यंत यायच्या, कपास मापून हातात शिलिंगं घ्यायच्या आणि तिथंच समोरच्या दुकानातून मीठ, चादर, कंदील घेऊन परत जायच्या. ते दुकानही मुहिंदीचं. हिंदुस्थानातल्या माणसाला तिकडे मुहिंदी म्हणत. कालपर्यंत जिथं रान होतं तिथं आज पत्र्याचं छप्पर, उद्या दुसरं. आपल्याकडे तीन पिढ्यांत होत नाही ते तिकडे तीन हंगामांत व्हायचं. ज्याला थोडं यंत्र कळतं त्याला तिथं माणसं हात जोडून बोलवायची. झुलालनं मिस्त्रीकी करता करता गावागावांतून कपास गोळा करायचा स्वतःचा धंदाही धरला होता. सायकल घेतली होती. धुळ्यात त्याला अरेतुरे करणारे, तिथं त्याला भागीदार व्हायला सांगत होते.

तिथंच त्यानं नाइगागा नावाच्या तिथल्या बाईला ठेवून घेतलं. ठेवून घेतलं म्हणा की तिनं ह्याला ठेवून घेतलं म्हणा. घर तिचं होतं, केळीची बाग तिची होती. तिला मुलगी झाली. आई तिला कागोया म्हणायची, हा सुगंधा म्हणायचा. दोन्ही नावांना ती ओ द्यायची.

आणि मग ते पाण्याचं झालं.

खानदेशात कपासाला पाणी मारतात. कोणी कबूल करत नाही, पण मारतात. हवा इतकी कोरडी असते की रुई उडते, गाठ नीट दाबली जात नाही. त्यासाठी थोडं पाणी मारायचं. थोड्याचं जास्त कधी झालं ते विचारायचं नाही, कारण ओल्या कपासाला वजन असतं. कडुलिंबाचा डहाळा बादलीत बुडवायचा आणि मनगटाला असा झटका द्यायचा, की पाणी पडलं हे कपासालाही कळू नये. एका जागी जास्त पडलं तर गोळा होतो आणि दलालाचा हात त्या गोळ्यावर बरोबर जातो. झुलालचा हात असा होता की दलाल कोपरापर्यंत हात घालून बघत आणि मान हलवून जात. प्रेमचंद शेटजी म्हणायचे, झुलाल पाणी मारत नाही, दव पाडतो.

तोच हात त्यानं तिकडे चालवला. कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पेढीचा माणूस म्हणाला होता, आणि ह्यालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. हंगाम म्हणजे पाणी मारायचं, हे अंगातच बसलेलं. पण धुळ्यात सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत हवा पिऊन टाकते. तळ्याकाठच्या त्या हवेत पाणी उडेना. सरकी आतल्या आत फुगली, ढीग तापायला लागला. नाइगागाचा भाऊ वाइस्वा गोदामात कामाला होता. तो सकाळी ढिगावर चढला की पाय शेकतात म्हणून हसायचा. झुलालही हसायचा.

एक दिवस ढिगातून धूर आला. जळणारा कपास बाहेर ओढायला वाइस्वा आत गेला. ढीग आतून पोखरला होता, वरचं वर होतं तसंच दिसत होतं. तो कमरेपर्यंत खाली गेला आणि मग वरून सगळं त्याच्यावर आलं.

नाइगागाच्या माणसांनी झुलालला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मुलीला उचललं, नाइगागाला बरोबर घेतलं आणि आत दूर कालिरोच्या बाजूला निघून गेले. पेढीनं जळक्या गोदामाला कुलूप लावलं आणि झुलालला बोटीत बसवून दिलं.

परत आल्यावर त्यानं भिकुबाईला सगळं सांगितलं. ती एक अख्खा हंगाम त्याच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची आणि पाठ करून बसायची. मग एके दिवशी तूर पाखडता पाखडता तिनं विचारलं, "काय नाव शे तिनं?" तो म्हणाला, "सुगंधा." त्यानंतर ती अधूनमधून विचारायची. केस कशे शेत. भाकर खास का. यंदा मदनलालच्या जिनाची बातमी आली तेव्हा तिनंच म्हटलं, "जा. आनि तिले लई या. आपला दोन्ही गयात. ती तरी घरमा राही."

झुलाललाही दुसरं काही नको होतं. सायकल नको, भागीदारी नको. मुलगी आता चौदाची झाली असेल. तिचं लग्न व्हायच्या आत पोचायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मदनलाल शेट टांग्यातून उतरला तेव्हा चरखे सुरू झाले होते. कोट, टोपी, गळ्याला मफलर. वय तिशीचं, बोलणं गोड. त्याच्यामागून पंडित चालत आला. पंडित हा झुलालच्याच हाताखाली तयार झालेला जवान मिस्त्री. आपल्यालाही बोलावतील का म्हणून तो आठवडाभर शेटच्या पेढीच्या पायऱ्या झिजवत होता.

"काय मिस्त्री, तयारी?" मदनलाल म्हणाला.

"तयारी काय शेट. एक वळकटी."

"तिथली बोली येते अजून?"

"लोक बोलाले लागनात का येई."

"बस. मग एकच बात. बाबूजी तुझ्या हाताची फार तारीफ करतात." मदनलालनं आवाज खाली घेतला. चरख्यांच्या आवाजात तो तसाही कोणाला ऐकू गेला नसता. "आपल्याला तिथं फिटर पुष्कळ मिळतील. पंजाबी आहेत, गोवेकर आहेत. हात मिळत नाही. तिथली हवाच ओली. कोणी ओल पकडली तरी हवेवर ढकलता येते. समजलास ना?"

झुलालनं हातातला पाना खाली ठेवला.

"शेट, तठे पानी सुकत नही."

"आपल्याला सुकवायचं कुठंय? वजन झालं, गाठ बांधली, बोटीत गेली."

"ढीग तापस. आग लागस. मी देखेल शे."

"अरे, इतकी वर्षं धुळ्यात मारतोय, कधी लागली आग? तुझं तिथं काय झालं ते ऐकलंय मी. कोणी बिडी टाकली असेल." मदनलालनं घड्याळ बघितलं. "नको असेल तर तसं सांग. जबरदस्ती नाही."

झुलालनं भिकुबाईकडे बघितलं. तिचे हात कपासात होते, पण ती चरख्यात कपास टाकत नव्हती. रूळ रिकामाच फिरत होता. तिला शब्द ऐकू आले नसतील, पण गोष्ट कुठं अडली हे तिला दिसत होतं.

"येसू शेट," झुलाल म्हणाला. "मारसू पानी."

"वा. मग दाखव एकदा. इथंच. मीही बघून घेतो, नुसतं ऐकत आलोय."

वनानं बादली भरून आणली. वना जिनातला जुना हमाल. त्यानं लिंबाचा डहाळाही आठवणीनं आणला. समोर कपासाचा ताजा ढीग होता. परत आल्यापासून झुलालनं ह्या कामाला हात लावला नव्हता. सांधे दुखतात म्हणायचा. त्यानं बाही वर केली, डहाळा बुडवला, हात खांद्याच्या वर नेला. त्याला खरोखर मारायचं होतं. पोरीचं तोंड डोळ्यांपुढे आणून त्यानं मनगटाला झटका द्यायचा प्रयत्न केला.

मनगट हललं नाही. डहाळ्यावरचं पाणी एकाच जागी टपटप पडत राहिलं आणि कपासाचा तिथं गोळा झाला.

"ठंडीनं हात धरला असेल. पुन्हा मार," मदनलाल म्हणाला.

दुसऱ्यांदा त्यानं डहाळा बुडवला तेव्हा त्याला त्या ढिगावर वाइस्वा उभा दिसला, पाय शेकत, हसत. झुलालचा हात असा काही झटकला गेला की डहाळा सुटून भिंतीवर आदळला आणि बादली लवंडली. पाणी ढिगाच्या पायथ्याशी शिरलं. कमलबाईनं तोंडाला पदर लावला.

मदनलालनं कपासाचा तो ओला गोळा बोटांनी दाबून बघितला. मग हळूच म्हणाला, "हात गेला तुझा, मिस्त्री." त्यात राग नव्हता. बैल बाजारात बघून सोडून द्यावा तसं म्हणाला. "पंडित, तू कर बघू."

पंडितनं झुलालकडे न बघता डहाळा उचलला. उरलेल्या पाण्यात बुडवून एकच झटका दिला. ढिगावर शहारा आल्यासारखं पाणी पसरलं आणि दिसेनासं झालं. मदनलालनं कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, बोटं चोळली. "ठीक," तो म्हणाला. आणि पेढीवर ये म्हणून पंडितला सांगून तो ऑफिसच्या खोलीत गेला.

भिकुबाई चरखा सोडून आली. नवऱ्याला ती एक शब्दही टाकून बोलली नाही. पंडित हात पुसत उभा होता.

"आते त्याले सांगा," ती झुलालला म्हणाली.

"काय सांगू?"

"पोरनं नाव."

झुलालनं सांगितलं. कालिरोची बाजू, आईचं नाव नाइगागा, मुलीला दोन्ही नावांनी हाक मारून बघ. पंडित ऐकत होता. त्याला हे सगळं नवं होतं.

"नाना, इतला मोठा मुलूख. मी कोठे धुंडू?"

"विचार लोकसले. आनि पंडित, पानी मारू नको तठे."

पंडितनं खाली बघितलं. "शेट सांगी तेच करनं पडी ना, नाना. तुम्ही बी तेच करं."



"भेटनी तर लई येशी का तिले?" भिकुबाईनं विचारलं. "इतलंच सांगजो, घर शे म्हनीसन. तिनी बठ्ठी सोय करसू मी."

"देखसू, अक्का," पंडित म्हणाला, आणि त्याची नजर ऑफिसच्या दाराकडे गेली.

हा काही पोरीला शोधणार नाही, हे भिकुबाईला कळलं. ती परत आपल्या चरख्यावर जाऊन बसली आणि पाटीतला कपास मुठी भरभरून टाकायला लागली, जास्तच भराभर. तिकडच्या टोकाला कमलबाईनं हाळी दिली, "मिस्तरी, पट्टा उतरना."

झुलालनं लवंडलेली बादली उचलून भिंतीशी ठेवली. मग काठी घेतली आणि उतरलेला पट्टा फिरत्या चाकावर चढवायला गेला.