साडूभाऊंचं सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरलाही स्वभाव असतो आणि तो पारखल्याशिवाय त्याला घरात थारा देऊ नये, असं मानणारा एकच माणूस या जगात असेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. देऊळघाटला त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. साठी उलटली तशी त्यांनी दुकान पुतण्यावर सोपवलं आणि हौसेनं कॅमेरा घेतला. फोटो काढणं त्यांना पहिल्याच हिवाळ्यात जमलं. ट्रॅक्टरमागून चालणारे बगळे, बाजारातले मिरच्यांचे ढीग, मेहकरच्या देवळाचे खांब, आणि सणावाराला जमलेले आम्ही सगळे नातेवाईक. अडचण पुढची होती. काढलेल्या फोटोचे रंग नीट करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे काही केल्या ठरेना.

मग सुरू झाला पाहण्याचा कार्यक्रम. महिनाभर फुकट वापरायला मिळणारं एकेक सॉफ्टवेअर ते लॅपटॉपवर उतरवून घेत, सोयरीक जुळवायची असल्यासारखे त्याचे गुण-दोष बघत आणि मुदत संपली की मान हलवत त्याला निरोप देत. "हे हुशार हाय, पण आभायाले इज्जत देत नाही," असं एकाबद्दल मत, कारण त्यात आभाळ फिकं पडे. दुसरं प्रत्येक गोष्ट करण्यापूर्वी 'नक्की ना?' असं विचारी. "म्या याच्या घरी राह्यलो का हे माह्या घरी?" म्हणून तेही गेलं. तिसऱ्यात फोटोवर थरावर थर चढवायची सोय होती. "फोटो हाय का गोधडी?" म्हणून तेही बाद. धामणगाव बढ्याला एका लग्नात जेवणाची पंगत बसलेली, आणि हे मांडवाच्या खांबाला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन नवरदेवाच्या मामाला विचारताहेत, "या दोनातलं गव्हाचं शेत कोनतं बरं दिसते?" मामांचं लक्ष बुंदीकडे. "दोन्ही झक्कास!" ते म्हणाले. भाऊ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोन्ही झक्कास म्हननाऱ्या मानसाचा काही भरवसा नाही."

सगळ्या सॉफ्टवेअरांबद्दल त्यांची एक तक्रार मात्र कायम होती. फोटो पिवळट दिसतो, मातकट दिसतो. तो पिवळेपणा घालवण्यासाठी ते रंगाची पट्टी सरकवत सरकवत अशा ठिकाणी नेत, की आम्हाला ते चित्र निळंशार दिसे. गहू निळा, बैल निळे, हळदीला बसलेली नवरीसुद्धा निळसर. आमच्या घरातल्या फोटोत तर मी नुकताच विहिरीतून काढल्यासारखा दिसतो. पण हे त्यांना सांगणार कोण? फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, स्वतः मोटारसायकलवर आणून देत. भिंतीवर खिळासुद्धा स्वतःच ठोकत. मी तोंड उघडायला लागलो की बायको डोळे मोठे करी. "ताईच्या घरचं आहे. गप राहा." अशा रीतीनं सगळं गणगोत भिंतीभिंतीवर निळं होऊन बसलं.

गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून ते बुलढाण्याला गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, तोही चांगला पिकलेला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सोबत होतो. पट्टी काढली, आणि भाऊंनी समोरच्या भिंतीकडे बघून एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. मग परत हा. "या डोळ्यानं भीत पांढरी हाय," ते म्हणाले, "आन् त्यानं पिवळी." डॉक्टर हसले. मोतीबिंदूत असं होतंच, म्हणाले, नजरेवर पिवळी झाक येते. मी हसलो नाही, कारण भाऊंचा चेहरा मी बघत होतो.

घरी गेल्यावर ते बैठकीतल्या फोटोंपुढे उभे राहिले. ताई चहा घेऊन आली तरी बसले नाहीत.

"काऊन सांगतलं नाही बे कोनी?"

"भाऊ, तुम्ही एवढ्या हौसेनं..." मी म्हणालो.

"हौस गेली चुलीत! एवढ्या सॉफ्टवेअरले म्या नावं ठेवली. त्या बिचाऱ्यांचा काहीच गुन्हा नव्हता."

दुसराही डोळा झाल्यावर त्यांनी सगळे फोटो नव्यानं करून द्यायला घेतले. सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न आता त्यांना पडला नाही. जे समोर उघडलं त्यात काम केलं. आम्ही एकेक करून आपापल्या रंगावर आलो. शेवटी राहिल्या धामणगावच्या आमच्या सासूबाई. त्यांच्याकडे मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, एकच मोठा फोटो होता, भाऊंनीच काढलेला. मामाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊंनी नवा फोटो पुढे धरला. गव्हाळ रंग, पांढरी टोपी, मागे हिरवी तूर, सगळं जसंच्या तसं. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला, पदरानं काच पुसली, बराच वेळ पाहिला.

"लय चांगला झाला," त्या म्हणाल्या. "पन हा तुमीच ठेवा जावईबापू. मी रोज सकाळी त्या भितीवरच्याशी बोलत असतो. त्याची सवय झाली मले."

भाऊ उठले, भिंतीवरचा जुना फोटो जरा कलला होता तो सरळ केला आणि आम्ही मोटारसायकलवर निघालो. मोताळा येईपर्यंत ते मागच्या सीटवर नवा फोटो छातीशी धरून बसले होते. मला वाटलं, एवढी मेहनत वाया गेली याचं वाईट वाटत असेल. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्या दिवशी मामाजी लय हसून राह्यले होते. म्याच म्हनलं, हसू नका, फोटो हालते."