तडा कुणी पाडला?

जुन्या गाडीचा ब्रेक ड्रम हातोडा न लावता काढावा तो मिस्त्रींनीच, असं खुद्द मिस्त्रींचं मत होतं. “ड्रम म्हणजे रुसलेला जावई. ओढाल तर हलायचा नाही. गोंजारा, आपणहून उठतो!”

मुख्याध्यापिकाबाईंची साठ वर्षांची मोटार जॅकवर चढली तेव्हाही हेच प्रवचन चालू होतं. ऐकायला शेजारचे पंक्चरवाले होते, आणि श्रोता मिळाला की मिस्त्रींचं भान सुटे. त्या नादात ड्रमला आतून धरून ठेवणारे ब्रेकशू मागच्या स्क्रूने सैल करायचेच राहिले. ड्रम हलेना. मिस्त्रींनी ओढलं, हिसकलं, ड्रमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“गोंजारा की जरा!” पंक्चरवाले म्हणाले.

मिस्त्रींच्या डोक्यात सणक गेली. हातोड्याचा एकच घाव, आणि बिडाच्या ड्रमला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा.

नेमक्या तेव्हाच बाई आत आल्या. मिस्त्रींची जीभ त्यांच्याआधी पळाली. “आधीचाच तडा आहे, बाई. मागच्या वेळी कुणीतरी ठोकलाय.”

पंक्चरवाल्यांना एकाएकी एक ट्यूब आठवली आणि ते निघून गेले.

“मागच्या वेळी आमच्या यांनीच काढला होता,” बाई हळूच म्हणाल्या. “जायच्या आधी महिनाभर. ओरखडासुद्धा येऊ दिला नाही म्हणाले होते. म्हणजे थाप मारली मला.”

गेलेल्या माणसावर आळ! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मिस्त्रींना झालं. पण खरं काही तोंडून निघेना.

चार दिवस त्यांनी भंगारवाल्यांचे ढीग उपसले. घरी बायको म्हणाली, “आमटी अळणी झालीय आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ताप आहे का?”

अखेर ड्रम मिळाला. मिस्त्रींनी शू सैल करून तो बसवला, चाक फिरवून पाहिलं, आणि बाई किल्ली घ्यायला आल्या तेव्हा जमिनीकडे बघत म्हणाले, “बाई, तडा मी पाडला. साहेबांनी नाही.”

बाईंनी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, “चार दिवस मी त्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवतेय, मिस्त्री. उद्या घरी या. मला सांगितलंत ते त्यांना सांगा.”

मिस्त्री गेले. नखांतलं ग्रीस काढून, इस्त्रीचा सदरा घालून फोटोसमोर उभे राहिले. बाई मुद्दाम आतल्या खोलीत गेल्या, तरी मिस्त्रींना मान वर करता येईना.