फ्रीजला हवा दिली तेव्हा

आधी अक्कांचं सांगतो, मग काय झालं ते. मी घाबरट माणूस आहे. भीतीचं सांगायला लागलो की तेच लांबत जातं आणि ज्यानं सावरलं त्याचं राहून जातं. तर अक्का म्हणजे इथं, जळगावकडच्या सावद्यात, माझ्या खोलीला लागून राहणाऱ्या बाई. मूळच्या धुळ्याकडच्या. सरकारी आरोग्य केंद्रात परिचर होत्या, शेवटची बदली इकडे झाली आणि निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. सकाळी भिंतीपलीकडून त्यांची बुद्धवंदना ऐकू येते, मग कुकरची शिट्टी. आपण नर्स नाही, डॉक्टर तर नाहीच, हे त्या स्वतःच दहादा सांगतात. पण मी आज इथं आहे आणि कामावर आहे, तो त्यांच्यामुळे.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली. नंतर बरीच कामं केली आणि फिरत फिरत इथं केळी पिकवायच्या चेंबरवर लागलो. काम ऐकायला सोपं आहे. कच्च्या केळीचे क्रेट आत रचायचे, गॅस सोडायचा, दार घट्ट लावायचं. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ दार उघडून अर्धा तास हवा द्यायची. ज्या जुन्या कारागिरानं मला शिकवलं, तो म्हणायचा की केळी आत श्वास सोडते, तो कोंडला तर माल रंग धरत नाही. हवा द्यायला मी एकदाही चुकलो नाही. तीन वर्षांत चेंबरची किल्ली माझ्याकडे आली. गावात मी शाळा सोडलेला पोरगा होतो. इथं शेठ बाहेरच्या व्यापाऱ्याला सांगायचे, माल कधी निघेल ते याला विचारा.

त्यातच मला साखर निघाली. सारखी तहान, अंग वाळत चाललेलं, आणि एक दिवस क्रेट उचलता उचलता खाली बसलो. जळगावच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. इन्सुलिन लागेल म्हणाले, सकाळ-संध्याकाळ, कायमचं. गावाहून दादा आला होता. त्याचं एकच म्हणणं, वापस चल, हे एकट्यानं निभत नाही. मी हातापाया पडलो. शेवटी तो म्हणाला, "उन्हाळा काढून दाखव. पुन्हा भरती झालास तर मी विचारणार नाही, सामान बांधून घेऊन जाईन."

गेल्या वर्षीचा तो उन्हाळा. मला तो काढून दाखवायचा होता, बस.

औषधाच्या बाटल्या मी आधी चेंबरमध्येच एका कोपऱ्यात ठेवत होतो. शेठनी पाहिलं. रागावले नाहीत, पण मालाजवळ औषध नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली होती, दोन ते आठ डिग्रीच्या मधे ठेवा. चेंबर सोळा-सतरावर चालतं. माझ्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं. म्हणून फ्रीज घेतला. छोटा, माझ्या कमरेलाही न लागणारा, वरच्या अंगाला बर्फाचा कप्पा असलेला.

तो आला पिकअपमध्ये, केळीच्या क्रेटवर आडवा टाकून. मी आणि ड्रायव्हरनं आत आणला, भिंतीला चिकटवला, आणि मी एक्स्टेन्शन बोर्ड शोधत होतो तेवढ्यात अक्का दारात.

"आडवा आनेल शे का हाऊ?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मंग उभा राहू दे त्याले. सकाळलोंग वायरले हात लावू नको."

आडवा केला की मशीनमधलं तेल नको तिथं जातं, ते खाली बसायला सकाळपर्यंत वेळ द्यावा लागतो, हे त्यांनी मला समजावलं. आरोग्य केंद्रात लसींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात होता. रोज दोनदा काटा बघून वहीत लिहायचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं की फ्रीज म्हटलं की त्या कुणाच्याही खोलीत शिरतात. मग भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावला, मागची जाळी तापते, तिला मोकळं पाहिजे म्हणून. एक पाय डुगडुगत होता, तो फिरवून बसवला. एक्स्टेन्शन बोर्ड तर त्यांनी हातातून काढूनच घेतला. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का विचारलं. मला काय माहीत. त्यांनी घरमालकाला फोन केला, दुसऱ्या दिवशी वायरमन आला, आणि अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं निघालं, मागे वायरच नव्हती. ती ओढून घेतली, तेव्हाच अक्कांनी फ्रीज लावू दिला. ओल्या हातानं, अनवाणी पायानं शिवायचं नाही. लाईट गेली तर दार उघडायचं नाही. बटण मधल्या आकड्यावर. बाटल्या स्टीलच्या डब्यात घालून मधल्या फळीवर. वर बर्फाजवळ नाही, दारात नाही.

मी सगळ्याला मान हलवली. मग मुलीच्या बाळंतपणासाठी अक्का दीड महिन्यासाठी धुळ्याला निघून गेल्या.

फ्रीज घरात आल्यावर मला कळलं की माझ्याकडे त्यात ठेवायला काही नाही. एकट्याचा स्वयंपाक, उरतो किती? औषधाचा डबा, दह्याची वाटी, पाण्याच्या दोन बाटल्या. चेंबरवरची माणसं संध्याकाळी आपापल्या गावी जात, कोणी फैजपूरला, कोणी जवळच्या खेड्यावर. त्यांची घाई मला बघवत नसे. मी मुद्दाम हळू कुलूप लावायचो. खोलीवर आलो की भिंतीपलीकडून आवाज नाही. इथली बोली मला समजते, पण माझ्याशी कोणी बोललं तरच ना. दादाचा फोन आला की "बरं आहे" म्हणायचो, तो "इंजेक्शन?" विचारायचा, मी "चालू" म्हणायचो. एवढंच दिवसाचं बोलणं.

आणि मी फ्रीजला हवा द्यायला लागलो.

कोणाला सांगितलं तर हसेल. पण माझ्या हाताला तेच वळण होतं. बंद पेटी म्हणजे आत काहीतरी कोंडतं, गॅस साचतो, असं मला मनातून वाटायचं. त्यात मोबाईलवर फ्रीज फुटल्याचे व्हिडिओ पाहिलेले. म्हणून सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर दार उघडून अर्धा तास.

हे अर्धंच खरं आहे. संध्याकाळचं दार मी हवेसाठी म्हणून उघडायचो आणि तिथंच ताट घेऊन बसायचो. आतला दिवा लागलेला असायचा. पायांना गार लागायचं. समोर काहीतरी उघडं आहे, उजेड आहे, त्यात माझं दही आहे. जेवण जायचं. दार लावून, भिंतीकडे बघत बसलं की घास तोंडातच फिरायचा.

महिनाभरात वरच्या कप्प्याला बर्फाचा जाड थर आला. खाली मात्र पाणी नीट गार होईना. मला वाटलं उन्हाळाच जास्त आहे. बटण शेवटच्या आकड्यावर नेलं, आणि औषधाला गारवा कमी पडू नये म्हणून डबा उचलून बर्फाच्या अगदी खाली, वरच्या फळीवर ठेवला. जे जे नको म्हणून सांगितलं होतं ते ते मी काळजीपोटी केलं.

मग बोटाला टोचून बघायच्या यंत्रावर आकडे चढायला लागले. अडीचशे. तीनशे दहा. मी भात बंद केला, भाकरी अर्धी केली. तीनशे चाळीस. इंजेक्शन तर वेळेवर घेत होतो. पुन्हा तहान लागायला लागली, रात्रीतून चार-चारदा उठायला लागलो. दवाखान्यात जावं तर भरती करतील. भरती केलं तर दादाला कळेल. दादाला मी रोज "बरं आहे" म्हणत राहिलो. आणखी थोडे दिवस, मग उन्हाळा निघेल, असं मोजत होतो.

अक्का परत आल्या तो माझ्या सुट्टीचा दिवस होता. पाचच्या सुमाराला मी फ्रीजसमोर मांडी घालून, ताट पुढे घेऊन बसलेलो, दार सताड उघडं. खोलीचंही दार उघडंच होतं. हातात शेवेची पुडी घेऊन त्या उभ्या.

"तुले गोड चालस नही म्हनीसन शेव आनी," म्हणाल्या. मग त्यांनी फ्रीजकडे पाहिलं. "हाई काय करी राहिना रे भाऊ?"

मी म्हणालो, हवा देतोय.

त्या हसल्या नाहीत. पुढे आल्या, एका हातानं दार लावलं. "हाई केयास्नं चेंबर नही शे," एवढंच म्हणाल्या. केया म्हणजे केळी. मग काहीतरी सुचल्यासारखं पुन्हा उघडून औषधाचा डबा काढला. डब्याच्या तळाला बर्फ चिकटलेला होता. त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये फिरवली, जसं मला दवाखान्यात शिकवलं होतं तसं, आणि खिडकीसमोर धरली. हे औषध दुधासारखं एकसारखं दिसायला हवं. त्यात कण तरंगत होते, काचेलाही चिकटले होते, फाटलेल्या दुधासारखे. दुसरी, न उघडलेली बाटली पाहिली. तीही तशीच. लस गोठली की अशीच होते, त्यांनी सांगितलं. वितळली तरी कामाची राहत नाही. उघड्या दारातून गरम हवा आत जाते, तिचाच बर्फ होतो, बर्फ झाला की खाली गारवा पोचत नाही, आणि मी औषध नेमकं त्या बर्फाला टेकवलं होतं.

"मी डॉक्टर नही," अक्का म्हणाल्या. "पन हाई मी तुले टोचू देवाव नही. आकडा किती शे आज?"

मी खोटं बोलणार होतो. त्यांनी यंत्र पुढे केलं. तीनशे सत्तर निघाले.

रिक्षानं ग्रामीण रुग्णालयात गेलो. वाटेत मी त्यांना सांगितलं की मला भरती नाही व्हायचं, दादा घेऊन जाईल. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला लावली, बाटल्या बघितल्या, अक्कांनी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं. मग आपल्याकडच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, भरपूर पाणी प्यायला लावलं आणि म्हणाल्या की इथंच बसा, दोन तासांनी पुन्हा बघू. उतरलं तर घरी, नाहीतर आज भरती आणि उद्या जळगाव.

ते दोन तास आम्ही बाकावर बसून काढले. बऱ्याच वेळानं अक्कांनी विचारलं, "फ्रीजना पुढे बठीसन काब्र जेवस?"

फ्रीजपुढे बसून का जेवतो, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. आपलंच सांगायला लागल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सणाच्या दिवशी, आरोग्य केंद्रात त्यांची एकटीची पाळी आली होती. मुलगी लहान, आईकडे ठेवलेली. पेशंट नाही, कोणी नाही. काटा दोनदाच लिहायचा असतो. त्यांनी त्या दिवशी लसीच्या फ्रीजशेजारी स्टूल ओढून दर तासाला लिहिला. वही तपासताना मोठ्या सिस्टरनं विचारलं, त्या दिवशी फ्रीजला काय झालं होतं गं?

"काय सांगतू?" अक्का म्हणाल्या. "फ्रीजले काहीच व्हयनं नव्हतं."

दोन तासांनी दोनशे साठ निघाले. लघवीतही काळजीचं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली दिली, मात्रा लिहून दिली, आणि तीन दिवस रोज येऊन दाखवायला सांगितलं. रागावल्याही. आकडा चढल्यावर आठवडा घालवलास, हे सगळ्यात वाईट, म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकलं. भरती नाही झालो, त्यापुढे रागावणं मला गोड लागलं.

त्या रात्री बाटली अक्कांच्या फ्रीजमध्ये राहिली. सकाळी मी माझ्या फ्रीजचा बर्फ काढायला केळी कापायचा चाकू घेतला, तर त्यांनी तो हिसकावलाच. आतल्या नळीला टोक लागलं तर गॅस जाईल आणि फ्रीज भंगारात. त्यांनी पिन काढली, खाली जुनं फडकं अंथरलं, दार सताड उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आते दे हवा. किती देवानी ती दे."

दुपारपर्यंत सगळा बर्फ गळून गेला. आत कोरडं पुसलं, बटण मधल्या आकड्यावर आणलं. त्यांच्याकडचं एक जुनं थर्मामीटर मधल्या फळीवर ठेवलं आणि दाराबाहेर कागद चिकटवला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पटकन उघडून आकडा लिहायचा, पटकन लावायचं. चार, पाच, पाच, चार. माझं अक्षर वाईट आहे, पण तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आणि संध्याकाळी मी ताट घेऊन शेजारी जायला लागलो. "जेवाले मनाकडे येत जाय," असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. तिथंही फार बोलणं होत नाही. त्या मुलीशी फोनवर बोलत असतात, मी जेवत असतो.

दादाला मी सगळं सांगितलं, पण उन्हाळा सरल्यावर. तो म्हणाला, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग." न्यायला येतो असं म्हणाला नाही.

एकटेपण गेलं असं नाही. खोली तीच आहे, रविवार तेवढाच लांब असतो. पण मी इथं राहू शकतो, हे आता मला माहीत आहे.

परवा अक्कांनी माझा नवा कागद वाचायला हातात घेतला आणि लांब धरला, मग आणखी लांब, आणि शेवटी मलाच वाचायला सांगितला. मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी कधीच सांगितलंय. ऑपरेशन त्या पुढे ढकलतात, कारण मुलीचं बाळ लहान आहे आणि दिवसातून इतक्यांदा डोळ्यात थेंब घालायला इथं कोण आहे, म्हणतात. मी त्यांना अजून बोललो नाही. तोंडावर बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, म्हणून इथं लिहून ठेवतो. अक्का, तुम्ही तारीख घ्या. शेठकडून सुट्टी मी मागून घेईन. प्रत्येक थेंब वेळेवर घालीन, कागदावर लिहीन, आणि पट्टी निघेपर्यंत तुमच्या ताटातला घास कुठं आहे ते सांगायला समोर बसेन.