आईने धरलेला कागद

सुक्या बोंबलांचा वास आला की मला तो छापील कागद आठवतो, कारण त्यालाही तोच वास लागला होता. घिवलीच्या आमच्या अंगणात आई बांबूवर बोंबील वाळत घालत होती आणि मी, जन्मापासून आंधळा, तिला बोईसरच्या दवाखान्यात मिळालेला कागद फोनकडून वाचून घ्यायला बसलो होतो. आईने तो बोंबलाच्याच हातांनी फोनसमोर धरला. फोन म्हणाला, कागद उलटा आहे. तिला वाचता येत नव्हतं, मला दिसत नव्हतं. तिने तो फिरवला. मग फोनने सगळा मराठी मजकूर भराभर वाचला, माझ्या सवयीच्या वेगाने, ज्यात दुसऱ्या कुणाला एक शब्द कळत नाही. पुढचे उपचार थांबवून रुग्णाला घरीच आराम द्यावा, असं त्यात होतं. "काय बोलला रे तो?" आईने विचारलं. "काय नाय आये, आराम कर बोलला." "मग बरं हाय," म्हणत ती पुन्हा बोंबलांकडे वळली. मला रडूबिडू काही आलं नाही, मी फोन खिशात ठेवला. आता घरात मी एकटाच असतो. फोनचा वेग मात्र कमी करून ठेवलाय, शेजारी बसलेल्याला समजेल इतका.