मोटरहोमचा मांडव

मी खोटं बोललो. तेही अशा बाईबद्दल, जी कापड तोंडाला लावून फुंकल्याशिवाय त्याच्याविषयी चांगलं-वाईट काहीच बोलत नाही. आधी तिची ओळख करून देतो, मग माझं किती चुकलं ते तुम्हीच ठरवा.

सापगावात रस्त्याला लागून तिचं पत्र्याचं दुकान आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. एकेकाळी शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांचे मांडव ती आणि तिचा नवरा घालायचे. नवरा गेला, लग्नं हॉलमध्ये गेली आणि मावशीच्या मशीनवर रिक्षा-ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं आली. "आता मी सीटांना सजवते," असं सांगून ती हसायची. हसणं असं, की रस्त्यापलीकडच्या कोंबड्या दचकाव्यात.

मी तिच्याकडे गेलो तो गाडीसाठी. शाळेची एक जुनी मिनीबस घेऊन मी तिचं मोटरहोम केलं होतं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं झालं होतं. दाराबाहेर बसायला छत तेवढं राहिलं होतं. थंडीत टोकावड्याच्या माळावर मुक्काम करायचा बेत होता. घाटावरून उतरणारा तिथला पहाटेचा वारा तुम्ही अंगावर घेतला असेल, तर माझी काळजी तुम्हाला कळेल. कापडाचे नमुने काखेत मारून मी तिच्या दारात उभा राहिलो.

"लग्न कोनाचं?" तिनं विचारलं.

"लग्न नाही. माफ करा, गाडीला छत हवंय."

"मग माफी कशाला मागतो रे? गाडी पलवून आनलीस काय?"

माझी ती सवयच आहे. शेजाऱ्यांची शेळी माझ्या पायावर पाय देऊन गेली, तरी मीच तिला सॉरी म्हणतो.

मावशीनं ताडपत्री तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकर मारली. हवा जराही पलीकडे गेली नाही. "ही पावसाची. वाऱ्यात हिचं शीड व्हईल, आनि तू गाडीसकट कल्यानला पोचशील." मग हिरवी जाळी. तिची फुंकर थेट माझ्या चष्म्यावर आली. "ही भाजीच्या रोपांना दे. दव सगलं तुझ्या टकलावर." मोबाइलवर मी तिला विकतचं, गुंडाळी होणारं छत दाखवलं. त्याचे काटकुळे लोखंडी हात पाहून ती कळवळली. "बिचारं. जेवत नाय काय?"

शेवटी जाड सुती कॅनव्हास. डोळे मिटून तिनं फुंकलं. हवा थोडी अडली, थोडी गेली. "हां. हिला दम हाय."

तिनं शिवलेल्या छताची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा बरीच खाली होती. प्रत्येक दोरीत तिनं जुन्या ट्यूबच्या रबराचा एकेक फास घातला होता, म्हणजे झोत आला की दोरी ताणायची, गेला की परत जागेवर. "वाऱ्याला थोडं देयाचं. नवऱ्याला पन मी असंच सांभालला," ती म्हणाली. छत माझ्या हातात देताना तिनं बजावलं, "थंडीत गाडीचं दार घाटाकडं करू नको. वारा खालून शिरंल."

आणि मग हळू आवाजात एवढंच, "तुझ्या त्या ढाबेवाल्या मित्राला दाखव रे. त्यानं काम दिलं तर माझी मशीन परत मांडव शिवंल."

टोकावड्याला, त्या माळालगतच, माझ्या मित्राचा ढाबा आहे. पर्यटकांसाठी त्यानं मोटरहोम उभी केली आहेत, आणि त्या सगळ्यांना छत हवं होतं. माझं कसं टिकतं ते बघून तो ठरवणार होता.

मी आणि बायको संध्याकाळी माळावर पोचलो आणि मी गाडी लावली ती पाठ पश्चिमेकडे करून. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हीही तशीच लावली असती. पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून आमच्या ओट्यांची, गोठ्यांची, गाड्यांची, सगळ्यांची पाठ तिकडे. डिसेंबर असला तरी हात तसेच वळतात. दार आलं पूर्वेला, थेट घाटासमोर.

उजाडता उजाडता वारा खाली उतरला. खुंट्या उपटल्या, छत फडाडून वर गेलं आणि टपावर पालथं पडलं. बायको गोधडीत बसून पोट धरून हसत होती. "अहो, तुमचा मांडव वरातीला निघाला."

मित्र धावत आला. "काय झालं रे?"

शेळीची माफी मागणारा मी म्हणालो, "शिलाई कच्ची निघाली."

बायकोचं हसू थांबलं. मित्र म्हणाला, "मग राहू दे. मी मुंबईहून मागवतो."

तो गेल्यावर मी गाडी फिरवली, दार घाटापासून वळवलं आणि तेच छत पुन्हा बांधलं. एक टाकाही उसवला नव्हता. वारा दुपारपर्यंत थांबला नाही. छत फुगायचं, खाली बसायचं, दोऱ्या ताणून सैल व्हायच्या. त्याखाली बसून आम्ही भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. इतकं सुखाचं जेवण मला क्वचितच मिळालं असेल, आणि मी सारखा वर शिवणीकडे बघत होतो.

"शिलाई आता बरी दिसतेय," बायको म्हणाली.

आज तुम्ही सापगावात गेलात तर त्या पत्र्याच्या दुकानाला बऱ्याचदा कुलूप दिसेल. मावशी कुणाच्या तरी गाडीचं माप घ्यायला गेलेली असते. पण त्याआधी मला एक सकाळ पार पाडायची होती.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला गाडीत घालून टोकावड्याला आणलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पुढच्या सीटवर बसली होती आणि ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला हात करत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. माळावर मी छत लावलं, तिला खाली खुर्ची दिली आणि मित्राला बोलावून आणलं. ढाब्यावरचे लोकही चहाचे ग्लास घेऊन मागोमाग आले.

"मावशी," मी म्हणालो, "छत उडालं ते मी दार घाटाकडं केलं म्हणून. आणि याला सांगितलं, तुमची शिलाई कच्ची."

मावशी हसली नाही. तिनं हात वर करून कॅनव्हासच्या शिवणीवरून बोट फिरवलं. शिवणीच्या शेवटापर्यंत. मग मित्राकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "वाऱ्यात त्याला ऐकू नाय गेलं. मोठ्यानं बोल."

मी उभा राहिलो. "शिलाई पक्की होती," मी ओरडून सांगितलं. "कच्चा मी निघालो. मावशी, मला माफ करा."